तीन पट्ट्या खाली

रंध्याला त्या दुपारी मिळण्यासारखं होतं ते एक वाक्य. ‘गाणी ह्याची आहेत’, एवढंच. तेही दाजीच्या तोंडून आणि चार लोकांसमक्ष. चौतीस वर्षं गिटार कुटलेल्या आणि सत्तरएक गाणी लिहिलेल्या माणसाची मागणी म्हणून बघितलं तर अगदीच माफक. जाण्यासारखं त्याच्या मते काहीच नव्हतं. फार तर दाजीचा एक सूर हुकेल, दोन हजार माणसं क्षणभर एकमेकांकडे बघतील, दाजी लालबुंद होईल आणि कार्यक्रम संपल्यावर ‘हे काय झालं’ म्हणून विचारायला येईल. आला की सगळं सांगू आणि ते वाक्य मागून घेऊ. एवढा विचार करून तो मंचामागच्या पत्र्याच्या खोलीत बसला, जुन्या पेटीतून जुनी गिटार काढली, तिला पातळ तारा चढवल्या आणि त्या वीस वर्षांपूर्वीच्या पट्टीला लावल्या.

पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिचाच आहे. पियानोवर एका सुरावरून लगतच्या खालच्या सुरावर बोट ठेवलं की गाणं एक पट्टी उतरलं. चाल तीच, शब्द तेच, फक्त सगळं गाणं एक पायरी खाली. ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही. गाणाऱ्याच्या गळ्याला मात्र बरोबर कळतं.

रंधा हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याची पहिली गिटार लाकडावर रंधा मारल्यासारखी वाजायची, म्हणून ते पडलं आणि चिकटलं. दाजी म्हणजे भोंगा. हेही खरं नाव नव्हे, पण ज्यांनी त्याला चोविसाव्या वर्षी ऐकलं त्यांना दुसरं सुचलंच नसतं. कारखान्याची पाळी सुटावी तसा त्याचा आवाज सुटायचा. तालमीची जागा होती बर्फाच्या कारखान्यातली एक बंद पडलेली थंड खोली. भिंती हातभर जाड, आतून बुचाच्या लाकडाच्या, दार लोखंडी. बाहेर चिमणीला ऐकू जायचं नाही. आत अमोनियाचा वास आणि चार जण: रंधा, भोंगा, खालच्या सुरांची गिटार वाजवणारा आणि दिवसाकाठी एखादाच शब्द बोलणारा मुका, आणि ढोल वाजवणारा जो कोण त्या वर्षी असेल तो. ढोलवाले एकंदर सात झाले. त्यांतल्या तिघांचे चेहरे बँडलाही आठवत नाहीत.

खोलीची किल्ली होती रंध्याच्या थोरल्या बहिणीकडे. ताई त्याच कारखान्याच्या कचेरीत टपालाचं काम बघायची. किल्ली मागायला भोंगा जायचा. रंध्याला वाटायचं, दाजी मोठा जबाबदार माणूस, वेळेआधी अर्धा तास जाऊन किल्ली आणतो. अर्थात तेव्हा तो दाजी नव्हता. दीड वर्षाने झाला, तेव्हा रंध्याला त्या अर्ध्या तासाचा उलगडा झाला.

“मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं,” रंधा म्हणाला होता.

“तू गाणं लिहिलं असतंस त्याच्यावर,” भोंगा म्हणाला. “आणि मला गायला लावलं असतंस.”

लग्नानंतर रंधा त्याला दाजी म्हणू लागला, पण अरे-तुरे सुटलं नाही. हाक पाहुण्याची आणि क्रियापद मित्राचं, असा तो सगळा व्यवहार होता. भोंगा त्याला मेव्हण्या म्हणायचा, आणि त्यात किती प्रेम, किती टोमणा हे त्याच्या त्या दिवशीच्या भुकेवर ठरायचं.

‘भट्टी’ हे गाणं रंध्याने दुसऱ्या वर्षी लिहिलं. ते लिहिताना त्याने भोंग्याचा गळा असा मोजला होता, जसा शिंपी छाती मोजतो. वरच्या सुरावर ‘ई’ आली की भोंग्याचा आवाज पिळवटायचा, ‘ऊ’ आली की नाकात जायचा. ‘आ’ आला की मात्र दरवाजा उघडावा तसा मोकळा व्हायचा. म्हणून रंध्याने वरच्या सुरावर येतील ते सगळे शब्द निवडून निवडून आकाराचे घेतले. ‘अजून भट्टीत आग आहे’ या ओळीतला ‘आग’ त्याने आठ दिवस शोधला होता. आधी तिथे ‘धूर’ होता. धूर खरा जास्त चांगला होता, असं त्याला आजही वाटतं. पण धुरावर भोंगा मरत होता, म्हणून त्याने आग लावली. ऐकणारे डोळे मिटून तो सूर झेलायचे आणि म्हणायचे, काय गळा आहे. शिंप्याचं नाव कोण विचारतो?

चौदा वर्षं असं चाललं. मग एका तालमीत रंध्याच्या लक्षात आलं की ‘आग’ जवळ आली की भोंगा माईक लोकांकडे वळवतो. तालमीत लोक नव्हते. तो माईक मुक्याकडे वळवत होता, आणि मुका तर बोलायचाही नाही.

त्याच आठवड्यात ताई तालमीच्या खोलीत आली, भोंगा यायच्या आधी. ती अशी कधी यायची नाही. मुका तारा पुसत कोपऱ्यात बसला होता, त्याच्यासमोर बोलायला कोणालाच संकोच वाटत नसे.

“तुला कळलंय ना?” तिने विचारलं.

“काय?”

“वेड पांघरू नकोस. न्हाणीघरात गातो तो. आधी वरचा सूर लागायचा, आता पाण्याचा नळ मोठा सोडतो आणि गातो. मला काय कळत नाही?”

रंध्याने गिटारची एक खुंटी पिळली.

“त्याला दुसरं काही येत नाही,” ताई म्हणाली. “तुला गिटार येते, लिहिता येतं, उद्या बँड मोडला तर रेडिओ दुरुस्त करशील. तो काय करेल? काहीतरी कर. आणि त्याला कळू देऊ नकोस.”

रंध्याने काय केलं, तर जाड तारा आणल्या आणि गिटार एक पट्टी खाली लावली. मुक्यानेही लावली. भोंगा आला तेव्हा रंध्याने त्याला सांगितलं की आजकाल जड आवाज लोकांना आवडतो, जरा खालून वाजवून बघू, छातीत घुमतं. भोंग्याने ‘भट्टी’ गायली. ‘आग’ आली. त्याने माईक वळवायला हात उचलला आणि मधेच खाली घेतला, आणि सूर गेला तो थेट त्या बुचाच्या भिंतीत. गाणं संपल्यावर तो घाम पुसत म्हणाला, “मधे सर्दी होती बहुतेक.”

“असेल,” रंधा म्हणाला.

कोणाला खोटं शिकवून तयार करणं, याला आपण पट्टी पढवणं म्हणतो. रंध्याने दाजीला अक्षरशः पट्टी पढवली. पाच-सहा वर्षांनी आणखी एक उतरवली, त्यानंतर आठ वर्षांनी तिसरी. दर वेळी काहीतरी कारण काढलं: नवीन यंत्र आहे, ह्या हॉलमध्ये वरचं टोचतं, तरुण पोरांना हल्ली असंच लागतं. आणि पुण्याचं काम म्हणून सांगावं तर तसंही नव्हतं. तो खालचा, दगड सरकल्यासारखा आवाज लोकांना इतका आवडला, की ‘हा जडपणा आणला कुणी, तर रंध्याने’ असं जाणकार लिहू लागले. दुसरे बँड त्याच्या तारांची जाडी विचारू लागले. दाजीच्या गळ्यावर बांधलेली पट्टी रंध्याच्या अंगावर शाल म्हणून शोभू लागली. तक्रार करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं.

तरी माणूस तक्रार शोधतोच. ती सापडली रेडिओवर.

त्या दिवशी सकाळी रंधा टेबलावर एका जुन्या ध्वनिवर्धकाच्या सुटलेल्या तारा कथलाचा डाग देऊन जोडत बसला होता आणि रेडिओवर भोंग्याची मुलाखत लागली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, इतकी वर्षं आवाज टिकवलात कसा?

“टिकवायचं काय त्यात,” भोंगा म्हणाला. “देणं आहे ते. विसाव्या वर्षी ज्या पट्टीत गायचो, त्याच पट्टीत आज गातो. एक सूर खाली आलेलो नाही. बरोबरीचे सगळे उतरले, बघा तुम्ही.”

“आणि गाणी? ती कशी सुचतात?”

“गाणी काय, होतात. कोणीतरी लिहितंच. गळा लागतो हो.”

रंध्याच्या हातातली डाग द्यायची कांडी टेबलावर टेकली आणि लाकूड जळल्याचा वास आला तेव्हा त्याला कळलं. त्याने संध्याकाळपर्यंत वाट बघितली. राग निवतो का ते बघायला नव्हे. दाजी स्वतःहून फोन करतो का ते बघायला. मग त्यानेच केला.

“दाजी, रेडिओवर ऐकलं तुला.”

“कसं झालं?”

“सुंदर. एक म्हणायचं होतं. पुढच्या वेळी गाणी मी लिहितो एवढं सांग.”

“अरे, ते सगळ्यांना माहीत आहे.”

“मग सांगायला काय जातं?”

“सांगितलं तर माहीत नसल्यासारखं वाटेल.”

“कोणीतरी लिहितं म्हणालास तू.”

“मग? तू कोणी नाहीस का?” भोंगा हसला. “मेव्हण्या, जेवलास का? उपाशीपोटी फोन करत जाऊ नकोस. तुझी ताई विचारतेय, रविवारी येतोस का?”

रविवारी रंधा गेला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी तो मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम होता. बँड आठ होते, आणि यांना वेळ मिळाली होती दुपारी साडेचारची, ऐन उन्हात, पाऊण तास. इतक्या वर्षांच्या बँडला साडेचारची वेळ देणं म्हणजे थोरल्या जावयाला पंगतीच्या टोकाला बसवणं. भोंगा त्याही बाबतीत कुरकुरला नाही. त्याने चष्मा काढून मैदान बघितलं आणि म्हणाला, “उजेडात बरं. लोक मला नीट बघतील.”

पत्र्याच्या खोलीत रंधा जुनी गिटार लावत असताना मुका आत आला. त्याने तारा ऐकल्या. त्याचे कान रंध्यापेक्षा चांगले होते. न बोलणाऱ्यांचे असतात.

“वर?” मुका म्हणाला.

“पाच गाणी नेहमीसारखी. मग ‘भट्टी’ला मी ही घेणार. तू दांडीवर हात तीन घरं वर सरकव.”

मुक्याने विचारलं, “का?”

हा शब्द मुक्याने वापरलेला रंध्याला आठवत नव्हता. “एकदा कळू दे त्याला,” तो म्हणाला. “माईक लोकांकडे वळवेल, बिचकेल, झालं. मग मी सांगतो सगळं.”

मुक्याने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते रंध्याने विचारलं नाही.

पाच गाणी झाली. सहाव्याच्या आधी रंध्याने गिटार बदलली. गिटारवाले दर दोन गाण्यांनी गिटार बदलतात, त्याकडे कोण बघतं? नेहमीची, जाड तारांची गिटार त्याने दोन पावलांवरच्या घोडीवर ठेवली. ढोलवाल्याने चार ठोके दिले. ‘भट्टी’ सुरू झाली, आणि वीस वर्षांनी स्वतःची चाल स्वतःच्या जागी ऐकून रंध्याला असा आनंद झाला की तो क्षणभर विसरला आपण काय करतोय ते. गाणं पोलादासारखं वाजत होतं. लिहिलं होतं तेव्हा ते असंच होतं.

पहिलं कडवं खालून जातं. भोंग्याने ते गायलं, थोडं मान वर करून, जणू कॉलर घट्ट झाली आहे. रंधा वाट बघत राहिला त्या हाताची. आता माईक वळेल. आता वळेल.

माईक वळला नाही. का वळावा? जो माणूस वीस वर्षं हा सूर रोज बिनचूक लावत आला आहे, ज्याने रेडिओवर छातीठोक सांगितलं आहे की मी एक सूर उतरलेलो नाही, तो का बिचकेल? घाबरायची सवय रंध्यानेच त्याची मोडली होती. भोंग्याने डोळे मिटले, पाय रोवले, आणि सगळ्या अंगाने त्या ‘आग’वर गेला, जसा माणूस ओळखीच्या जिन्यावर अंधारात पाय टाकतो, आणि तिथे तीन पायऱ्या जास्त होत्या.

आवाज आला तो गाण्याचा नव्हता. जाड कापड फाटावं तसा होता. लोकांना वाटलं मुद्दाम काढलाय. त्यांनी आरोळी ठोकली. भोंग्याने घशाला हात लावला, रंध्याकडे वळून बघितलं आणि बोटाने खूण केली: चालू दे.

गाणं कसंबसं संपलं. इथे दहा सेकंद होते. ढोलवाला पाणी पीत होता. घोडी दोन पावलांवर होती. रंध्याने त्या गिटारकडे बघितलंही. पण ती उचलली आणि पुढच्याच गाण्यात दाजीचा गळा हलका झाला, तर आंधळ्यालाही कळलं असतं की दुखणं कशात होतं. ‘मग सांगतो सगळं’ म्हणणारा माणूस, कळायची वेळ आली तेव्हा घाबरला. त्याने जुनी गिटारच ठेवली. राहिलेली दोन गाणी त्याच चढ्या पट्टीत झाली. अकरा मिनिटं. भोंगा ती सगळी गायला, कारण लोक बघत होते, आणि उजेड होता.

गळ्याच्या डॉक्टरीण बाईंनी नंतर स्वच्छ सांगितलं. सूर काढणारा पडदा फाटून आत रक्त साकळलं होतं. ते एकदाच होऊन थांबलं असतं, माणूस तिथल्या तिथे गप्प बसला असता, तर महिन्या-दोन महिन्यांत भरून आलं असतं. पण तो त्याच्यावरच गात राहिला. आता व्रण राहणार. बोलता येईल, हळू. गाणं नाही.

दवाखान्याच्या बोळात हिरव्या खुर्च्या होत्या. ताई एकीवर बसली होती, रंधा उभा होता.

“तारा कुठे होत्या?” तिने विचारलं.

“कुठे म्हणजे?”

“मी समोरच होते, तिसऱ्या रांगेत. किती वर?”

“तीन.”

ती पुष्कळ वेळ समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत राहिली. हात धुण्याबद्दलचा तक्ता होता.

“मी सांगतो त्याला,” रंधा म्हणाला. “आजच सांगतो. काय म्हणायचं ते म्हणू दे.”

“आणि काय सांगशील? त्या दिवशी वर केल्या?”

“हो.”

“तो विचारेल, वर म्हणजे कुठून. मग?”

रंध्याला तेव्हा कुठे दिसलं. एक सांगायचं तर दुसरं सांगावं लागणार होतं. तू फसवला गेलास हे सांगायचं तर, वीस वर्षं तू गात होतास ते आम्ही बांधून दिलेल्या ओट्यावर उभं राहून, हेही सांगावं लागणार होतं.

“आवाज गेला त्याचा,” ताई म्हणाली. “वीस वर्षं तरी राहू देत.”

ती उठून आत गेली. दार तिने हळूच लावलं, आतला माणूस झोपला होता म्हणून.

सात-आठ महिन्यांनी त्याच रेडिओच्या बाई घरी आल्या, बोलणं ध्वनिमुद्रित करायला. भोंग्याने रंध्यालाही बोलावून घेतलं होतं. बसायच्या खोलीत पंखा बंद केला, खिडकी लावली, कारण आता दाजीचा आवाज पंख्याच्या आवाजाखाली जात असे. ताई दारात उभी राहिली.

“झालं ते माझ्या चुकीने,” भोंगा कुजबुजला. बाईंनी यंत्र त्याच्या हनुवटीपर्यंत नेलं. “वय झालं होतं. कबूल करत नव्हतो. मागे तुमच्या रेडिओवरच काहीबाही बोललो होतो, एक सूर उतरलो नाही वगैरे. देव ऐकतो म्हणतात, बहुतेक त्यालाही रेडिओ आहे.” तो हसला, त्याचा आवाज आला नाही, खांदे हलले. “एक दुरुस्ती करायची आहे. गाणी ह्याची आहेत. सगळी. शब्दही, चालीही. मी नुसतं तोंड होतो. चाळीस गळे मिळाले असते ह्याला, पण हा माझ्यापाशी राहिला. उभं आयुष्य माझी काळजी घेतली ह्याने.”

बाईंनी रंध्याकडे बघितलं. “तुम्हाला काही म्हणायचंय?”

रंध्याने तोंड उघडलं. दारातून ताई त्याच्याकडे बघत होती, रागाने नाही. तो तोल सांभाळतो का, एवढंच बघत असल्यासारखी.

“नाही,” तो म्हणाला. “दाजी बोलला तेच.”

“घ्या,” भोंगा कुजबुजला. “आणि म्हणतात मी बोलू देत नाही.”

त्यानंतर बँडला नवी गायिका मिळाली, दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करणारी, सत्तावीस वर्षांची. तिचा गळा वरचा आहे. ‘भट्टी’ आता मूळ पट्टीत होते, आणि ध्वनिमुद्रिकेवर रंध्याचं नाव पहिलं येतं. मुका त्या मैदानानंतर एकदाही आला नाही. त्याने आपली गिटार विकली म्हणतात, आणि कारण कोणाला सांगितलं नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही नव्हती.

रंधा अजून रविवारी जातो. भोंगा त्याला शेजारी बसवतो, मांडीवर हात ठेवून नव्या गाण्यांची चौकशी करतो, वरच्या सुरावर आकार ठेव म्हणून सल्लाही देतो, जणू ही युक्ती त्याचीच. ताई ‘आलास, बस’ म्हणते आणि आतल्या खोलीत जाते. भावाशी बोलण्यासारखं तिच्याकडे एकच आहे आणि ते त्या घरात बोलता येत नाही.

तर एकूण असं झालं. भोंग्याचा आवाज गेला, आणि तो गेल्याबद्दल दोषही त्यानेच घेतला. मुक्याचं वाजवणं गेलं. ताईचं गाणारं घर गेलं, भाऊ गेला, आणि हे सगळं माहीत असण्याचं ओझं एकटीवर आलं. रंध्याला त्याचं वाक्य मिळालं, मागितलं होतं त्याहून लांबलचक. त्याची किंमत त्याच्याकडून घ्यायला मात्र अजून कोणी आलेलं नाही, आणि स्वतःहून नेऊन द्यायला त्याला कुठलं दार उघडं नाही.